उणे बत्तीसचे बूट

जावई एवढा शिकलेला, पण बूट घ्यायला त्याला एकवीस दिवस लागले. दादारावांनी मोजले होते. एकवीस दिवस डीमन या डच गावातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत दुसरा विषय नव्हता. बाहेर जगाला महामारीने धरलेलं, दुकानं बंद, शाळा लॅपटॉपवर, नऊनंतर रस्त्यावर पाऊल टाकायची बंदी, आणि आमच्या लोकेशरावांना चिंता कसली, तर बर्फावर बसून मासे धरायला कोणते बूट घ्यावेत याची.

त्यांनी एक्सेल काढलं होतं. एकोणीस जातीचे बूट आणि प्रत्येकापुढे रकाने. आतलं अस्तर कसलं, तळवा किती जाड, पाणी शिरतं का, वजन किती, आणि शेवटच्या रकान्यात लोकांनी दिलेले स्टार.

“मामा, हे बघा,” ते स्क्रीन दादारावांकडे वळवायचे. “साडेचार स्टार. उणे बत्तीसपर्यंत टेस्टेड आहे हा.”

“हो का,” दादाराव म्हणायचे. मनात म्हणायचे, डोंबलाचं टेस्टेड! उणे बत्तीसमध्ये उभा कोण होता, तुम्ही की तो स्टार देणारा?

पण मनातच. सासऱ्याने जावयाला शहाणपणा शिकवायचा नसतो, आणि जावयाच्या घरात राहून तर मुळीच नाही. दादाराव आले होते तीन महिन्यांसाठी, गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत. मार्चमध्ये विमानं बंद पडली. मग लेकीने, ललिताने, व्हिसाची मुदत वाढवून घेतली, पुन्हा वाढवून घेतली. पनवेलला तुम्ही एकटे, आई नाही, आजारी पडलात तर कोण बघणार, असं तिचं म्हणणं. खोटं नव्हतं. पण लेकीच्या घरी वर्षभर जेवायचं म्हणजे घास जरा जपूनच गिळावा लागतो. दादाराव भांडी घासायचे, नात तेजलला शाळेच्या स्क्रीनपुढे बसवायचे, आणि तोंडाला कुलूप लावून राहायचे.

या सगळ्यातली खरी गंमत अशी, की थंडीत पायाचं काय होतं हे त्या घरात फक्त एका माणसाला ठाऊक होतं, आणि त्याला कोणी विचारत नव्हतं.

दादारावांनी तळोज्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली होती. कोळंबी, सुरमई, पापलेट, सगळा परदेशी जाणारा माल. उणे वीसच्या खोलीत खोकी रचायची. पहिल्याच हिवाळ्यात, म्हणजे तिथे बाराही महिने हिवाळाच, मालकाने सगळ्यांना एकाच नंबरचे गमबूट आणून दिले. सात नंबर. दादारावांचा पाय आठ. त्यात थंडी वाजते म्हणून त्यांनी दोन मोजे चढवले. पाय ठणकला, मग ठणकायचा थांबला. बरं झालं, सवय झाली, असं त्यांना वाटलं. बाहेर आल्यावर मुकादमाने पाय चोळला आणि शेगडीपुढे धरायला लावला. पाय भाजतोय हे त्यांना कळलंसुद्धा नाही. उजव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पनवेलच्या दवाखान्यात राहिलं.

त्यानंतर तिथे येणाऱ्या प्रत्येक नव्या कामगाराला दादारावच बूट निवडून द्यायचे. एक नंबर मोठा घ्यायचा. पाय पुढे सरकवून टाचेमागे अंगठा गेला पाहिजे. मोजा एकच, लोकरीचा. तळाला वर्तमानपत्र, ते जेवणाच्या सुट्टीत बदलायचं. आणि दुखतंय तोवर काम करा, दुखायचं थांबलं की पळत बाहेर या. पुढच्या सत्तावीस वर्षांत त्यांच्या पाळीतल्या एकाही माणसाचं बोट गेलं नाही. याला कोणी स्टार दिले नाहीत.

लोकेशरावांना यातलं काहीच माहीत नव्हतं. लग्न ठरताना ललिताने सांगितलं होतं, बाबा एक्स्पोर्ट कंपनीत होते. लोकेशरावांचे वडील बँकेत साहेब, आई मुख्याध्यापिका. दादारावांना तेव्हा ते खटकलं नाही, उलट बरंच वाटलं. एक्स्पोर्ट तर एक्स्पोर्ट, माल परदेशी जातच होता की! पण एकदा थाप पचली की ती सांभाळावी लागते. रविवारी व्हिडिओवर व्याही जयभीम घालून विचारायचे, “काय म्हणता दादाराव, तुमच्या वेळी एक्स्पोर्टला काय दिवस होते!” आणि दादाराव हसून मान हलवायचे. घरात ते कायम मोजे घालून असायचे. अकरा वर्षं झाली, जावई निघताना, येताना, वाढदिवसाला वाकून त्यांच्या पाया पडायचा. मोज्याला हात लावायचा आणि उठायचा.

म्हणून ज्या दिवशी लोकेशरावांनी कोरा कागद जमिनीवर पसरला आणि घरातल्या प्रत्येकाने त्यावर पाय ठेवायचा असं फर्मान काढलं, त्या दिवशी दादारावांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. दुकानं बंद, घालून बघता येत नाही, तेव्हा माप घेऊन ऑनलाइन मागवायचे. लोकेशराव पेन्सिल घेऊन गुडघ्यावर बसले. ललिताचा पाय काढला, तेजलचा काढला. मिलिमीटरपर्यंत.

“मामा, या. मोजा काढा.”

“मला नकोत. माझ्याकडे आहेत.”

“कुठले? ते चालायचे? अहो मामा, ते बर्फात अर्धा तास टिकणार नाहीत.”

“मी घरीच बसणार आहे,” दादाराव म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच कुकर घासत बसले. ललिताने एकदा आत डोकावून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसलंच. दादारावांना तिचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा.

घरी बसायला मात्र ते तयार नव्हते. तेजल जाणार तर तेही जाणार. इथे एक चांगली पद्धत आहे, घरात नकोसं झालेलं चांगलं सामान लोक फुटपाथवर ठेवून देतात, ज्याला हवं त्याने न्यावं. एका सकाळी फिरताना कोपऱ्यावर त्यांना गमबूट दिसले. इथल्या मापाने चव्वेचाळीस नंबरचे, जाड रबराचे, हिरवे. दादारावांनी तिथेच उभ्याने टाचेमागे अंगठा घालून बघितला, बूट झटकले आणि काखेत मारून घरी आणले. जुन्या लोकरी ब्लँकेटचा तुकडा कापून तळाला घातला, त्याखाली सुपरमार्केटची जाहिरातीची पानं.

लोकेशरावांनी बूट पाहिले आणि नाक मुरडलं. “मामा, रस्त्यावरचे? कोणाचे असतील, काय असतील. आणि दोन नंबर मोठे आहेत!”

“असू दे.”

“फिट महत्त्वाचं असतं मामा. फिट नसेल तर उष्णता टिकत नाही. सगळ्या रिव्ह्यूजमध्ये तेच आहे.”

दादारावांनी हात टेकले.

रविवारी बर्फ पडला, एवढा की इथले लोकही वेडे झाले. सोमवारपासून पाणी गोठायला लागलं. कालवे, तळी, खड्डे, सगळं. वर्षानुवर्षांनी असा बर्फ धरलाय म्हणे, आणि आठवड्याभरात वितळणार म्हणे. माणसं मास्क विसरली, लॉकडाऊन विसरली आणि स्केट बांधून सुटली. आमच्या लोकेशरावांना स्केटिंग येत नव्हतं. पण उन्हाळ्यात लॉकडाऊनला कंटाळून त्यांनी मासेमारीचा पास काढला होता, गळ घेतला होता, आणि तीन महिन्यांत बोटभर एक मासा धरून त्याचे चौदा फोटो मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले होते. आता त्यांनी फिनलंडचे व्हिडिओ बघून बर्फाला भोक पाडायचं हातभर लांब गिरमिट मागवलं होतं. बर्फावर बसून मासा धरणारा ग्रुपमधला पहिला मराठी माणूस व्हायचं, एवढंच त्यांचं स्वप्न. माणसाने स्वप्नं तरी कसली बघावीत!

बूट शुक्रवारी आले. बर्फामुळे पार्सलं अडकली होती. खोकं उघडलं, सगळ्यांनी घातले, तेजल उड्या मारायला लागली. दादाराव खाली बसले आणि तिला म्हणाले, “पाय पुढे सरकव बघू.” तिने सरकवला. त्यांनी टाचेमागे अंगठा घालायचा प्रयत्न केला. जागा नव्हती. करंगळीसुद्धा गेली नसती. आणि तिने एकच पातळ मोजा घातला होता.

“लोकेशराव, हे घट्ट आहेत. एक नंबर मोठे पाहिजेत.”

“मामा, मी मिलिमीटरमध्ये मोजलंय.”

“तेच म्हणतो. पायाएवढेच आहेत. थंडीत बोटांना हलायला जागा लागते. वरून जाड मोजा घातलात तर रक्तच पोचणार नाही.”

लोकेशरावांनी लॅपटॉपवरून मान वर केली. रागावले नव्हते. खरोखरच कुतूहलाने त्यांनी विचारलं, “तुम्हाला कसं माहीत, मामा?”

सोफ्यावर बसलेल्या ललिताने वर पाहिलं. डोळ्यांनीच म्हणाली, बाबा, प्लीज.

उत्तर जिभेवर होतं. तळोजा, उणे वीस, सात नंबर. मोजा काढला असता तर एका शब्दाचीही गरज पडली नसती.

“असंच,” दादाराव म्हणाले. “ऐकलं होतं कुठेतरी.”

“बदलून आणायला आठवडा जाईल. तोवर बर्फ संपेल,” लोकेशराव म्हणाले. “आणि दोन मोजे घालू या तिला. डबल इन्सुलेशन.”

दादाराव चहा घेऊन खिडकीत जाऊन बसले.

शनिवारी ते तिघं निघाले. ललिताला ऑफिसचं काम होतं. वीस मिनिटांवर शेतांच्या मध्ये एक उथळ तळं होतं, बर्फ वीतभर जाड. ऊन स्वच्छ पडलं होतं आणि वारा कान कापत होता. पोरंबाळं स्केटवर गरागरा फिरत होती. लोकेशरावांनी त्यांच्या मधोमध खुर्ची मांडली आणि गिरमिट रोवलं. लगेच एक म्हातारा डच सरकत आला, हातवारे करत ओरडला. पोरं इथे स्केटिंग करतायत आणि तू भोकं पाडतोस? दादारावांना भाषा कळली नाही, पण मजकूर कळला. म्हाताऱ्याचं काहीही चूक नव्हतं.

मग लोकेशराव तळ्याच्या पार टोकाला गेले, जिथे आडोसा नाही, झाड नाही, नुसता वारा. तिथे त्यांनी भोक पाडलं. भोकातून पाणी वर आलं आणि भोवतीच्या बर्फावर पसरलं. तेजलला त्यांनी त्याच पाण्याच्या कडेला घडीच्या स्टुलावर बसवलं, हातात गळ दिला आणि हलू नकोस म्हणाले. हललीस तर मासे पळतात. मग फोटो काढले. गिरमिटासकट, गिरमिटाशिवाय, बूट दिसतील असे.

दादाराव उभे होते, जागच्या जागी पावलं आपटत. “तेजू, ऊठ, जरा चाल.”

“मामा, तिला बसू द्या,” लोकेशराव म्हणाले. “आत्ता लागेल.”

काय लागणार होतं? तळाच्या चिखलात मासे झोपले होते. त्यांना तेवढी अक्कल होती.

अर्ध्या तासाने तेजल म्हणाली पाय दुखतायत. लोकेशराव म्हणाले, उणे बत्तीसचे आहेत बेटा, इथे फक्त उणे पाच आहे. दादारावांनी घसा साफ केला. “परत जाऊ या.” लोकेशराव म्हणाले, दहाच मिनिटं. त्या दहा मिनिटांची पस्तीस झाली. दादाराव दोनदा पुढे झाले आणि दोनदा मागे सरकले. पोर त्यांची, बाप ते, आपण कोण? हा विचार त्यांनी केला, आणि हा विचार करण्याइतके ते मूर्ख होते.

मग त्यांनी तेजलकडे बघितलं तर ती शांत बसली होती. किरकिर नाही, काही नाही.

“पाय दुखतायत का गं?”

“नो, आजोबा.” ती हसली. “इट डझन्ट हर्ट एनीमोअर.”

दादारावांना इंग्रजी जेमतेमच यायचं. पण एवढं कळलं.

त्यांनी तिला स्टुलावरून उचललं, कोरड्या बर्फावर आपला कोट टाकून त्यावर बसवलं आणि बूट ओढायला लागले. बूट निघेना. दोन मोजे घामाने भिजून आत फुगले होते. शेवटी निघाला. मोजे काढले तर बोटं पांढरी, मेणासारखी, आणि दाबल्यावर तिला पत्ताच नाही.

“अरे बापरे!” लोकेशराव धावत आले. “थांबा, थांबा, माझ्याकडे हीट पॅक आहेत.” त्यांनी खिशातून गरम पुड्या काढल्या आणि दुसऱ्या हाताने तिची बोटं खसाखसा चोळायला घेतली.

“हात काढ!” दादाराव गरजले. “हात काढ म्हणतो ना! चोळू नकोस! ते फेक तिकडे!”

अकरा वर्षांत त्यांनी जावयाला अहोजाहोशिवाय हाक मारली नव्हती. लोकेशरावांच्या हातातून पुडी गळून पडली.

दादारावांनी स्वेटर वर केला, बनियन वर केलं आणि नातीची दोन्ही गार पावलं उघड्या पोटाला लावून वरून सगळं ओढून घेतलं. अंगावर शहारा आला. तेजल रडायला लागली, पायामुळे नाही, आजोबांच्या आवाजामुळे. ते तसेच बसून राहिले, वाऱ्याकडे पाठ करून. बऱ्याच वेळाने ती पुटपुटली, “आजोबा, इट्स पिंचिंग.”

“टोचू दे. टोचू दे माझ्या राणी.” दादारावांनी स्वेटर आणखी घट्ट ओढून घेतला.

आता तिला गाडीपर्यंत न्यायचं होतं, आणि ओले मोजे पुन्हा घालण्यात अर्थ नव्हता. कोरडे, गरम, लोकरीचे मोजे तिथे एकाच माणसाच्या पायात होते. दादारावांनी आपले हिरवे गमबूट काढले, मोजे काढले आणि तेजलच्या पायांत गुडघ्यापर्यंत चढवले. मग ते बर्फावर क्षणभर अनवाणी उभे राहिले.

लोकेशरावांनी पाहिलं. आधी त्यांना कळलं नाही, मग कळलं. ते बघतच राहिले, त्या उजव्या पायाकडे, जिथे दोन बोटांच्या जागी नुसती गुळगुळीत चामडी होती.

“मामा… हे…”

“पोरीला उचल,” दादाराव म्हणाले. “नंतर बघ.”

घरी कोमट पाणी. दादारावांनी कोपर बुडवून बघितलं, गरम होतं म्हणून दोनदा गार ओतलं. पायांत रक्त परतायला लागलं तशी तेजल किंचाळायला लागली. ललिता एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताने हाऊसआर्ट्सची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, शनिवारची लाइन लावत होती आणि स्वतःही रडत होती. दादाराव म्हणत होते, “रड, मोठ्याने रड, दुखतंय ना, चांगलं आहे.” डॉक्टरीणबाईंनी फोनवर सगळं विचारलं. रंग आला का, बोट लावलेलं कळतंय का. दोन्हीला हो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, वाचली. फोड आले तर कळवा. पाय कोणी चोळले नाहीत हे उत्तम केलंत.

संध्याकाळी तेजल सोफ्यावर ब्लँकेटमध्ये होती, पाय उशीवर. स्वतःची बोटं तिची चारदा मोजून झाली होती. दादाराव शेजारी बसले होते. त्यांचे मोजे पुन्हा तिच्याच पायांत चढले होते आणि दुसरे घालायचं त्यांना सुचलं नव्हतं, किंवा सुचूनही त्यांनी घातले नव्हते. तेजलने वाकून त्यांचाही पाय मोजला, डचमध्ये. एन, त्वे, द्री. मग थांबली.

“आणि बाकीची?”

“पनवेलला राहिली.”

“व्हाय?”

“बूट घट्ट होते,” दादाराव म्हणाले. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, मराठीत, सावकाश. उणे वीसची खोली, कोळंबीची खोकी, सात नंबर, शेगडी. ललिता दारात उभी राहून ऐकत होती. तिने त्यांना थांबवलं नाही.

टेबलापाशी लोकेशराव लॅपटॉप उघडून बसले होते. तेही ऐकत होते, पण काहीतरी करायला हवं म्हणून टाइप करत होते. माणूस घाबरला की आपल्या सवयीच्या कामाला लागतो. मध्येच म्हणाले, “मी या कंपनीला सोडणार नाही मामा. उणे बत्तीस लिहितात. सगळीकडे रिव्ह्यू टाकतो. एक स्टार.”

दादारावांना हसू आलं, कडवट. एकवीस दिवस, एकोणीस बूट, पोरीचे पाय पांढरे पडले, आणि हा गृहस्थ अजून स्टारच देतोय! त्याला चांगलं फैलावर घ्यावं म्हणून ते उठले. टेबलापर्यंत गेले. उघड्या पायाने, थंडगार फरशीवरून. तिथे पोचल्यावर मात्र त्यांना बोलायला भलतंच सापडलं.

“बुटांचं काही चुकलं नाही, लोकेशराव. बूट चांगले आहेत.”

“मग?”

“काल मी अंगठा घालून बघितला होता. जागा नव्हती. काय होणार ते मला कालच कळलं होतं. तुम्ही विचारलंत पण, कसं माहीत म्हणून.”

लोकेशरावांनी वर पाहिलं. “मग बोलला का नाहीत, मामा?”

“बोललो असतो तर हा पाय दाखवावा लागला असता.” दादारावांनी खुर्चीची पाठ धरली. “तो झाकायला मी पोरीचे पाय पणाला लावले. एक स्टार द्यायचाय ना? मला द्या.”